कॅल्शियमची गोळी घेऊ की दूध बंद करू?

या वेळचं पत्र ठाण्याच्या एका वाचक मैत्रिणीचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, वय ३४, बँकेत बसून काम. गेल्या रविवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर कळसूबाई केला, आयुष्यातला पहिला मोठा ट्रेक. चढताना दम लागला पण पाय ठीक होते. उतरताना शेवटच्या तासात मांड्या थरथरायला लागल्या. सोमवारी नुसतं आखडल्यासारखं वाटत होतं, मंगळवारी मात्र स्टेशनच्या पुलाचा जिना उतरता येईना, कठडा धरून एकेक पायरी उतरले. आई म्हणते अंगात कॅल्शियम कमी झालंय, ती रोज दोन गोळ्या देतेय आणि रात्री दूध. जिममधला ट्रेनर म्हणतो लॅक्टिक ॲसिड साठलंय, स्ट्रेचिंग कर. आणि काल रात्री वाचत बसले तर कळलं की व्यायामाने स्नायूंमध्ये कॅल्शियम वाढतं आणि तेच स्नायूंचं नुकसान करतं! म्हणजे मी दूध पिऊन दुखणं वाढवतेय का? नोव्हेंबरात हरिश्चंद्रगड ठरलाय. नाव देऊ की नको?"

अगं, ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच बोलते, आणि आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे आजची रात्र तरी नीट झोपशील. दूध बंद करू नकोस, दुधामुळे तुझ्या मांड्या दुखत नाहीयेत. आणि मांड्या दुखतायत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायचीही गरज नाही, त्यांनी हे दुखणं एका तासानेसुद्धा लवकर जाणार नाही. आई वेडं काही सांगत नाहीये आणि तू वाचलंस तेही खोटं नाहीये, फक्त आई बोलतेय ते हाडांतलं आणि रक्तातलं कॅल्शियम आणि तू वाचलंस ते स्नायूच्या पेशीच्या आतलं. या दोन जागांच्या मध्ये एक पातळ पडदा आहे, आणि तुझ्या मंगळवारच्या जिन्याची सगळी गोष्ट त्या पडद्यापाशी घडलीये.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि पावसाळ्यात दर सोमवारी-मंगळवारी माझ्याकडे तुझ्यासारखी दोन-तीन माणसं येतातच. सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारते, चढताना दुखलं की उतरताना? तुझं उत्तर तू पत्रातच दिलंयस.

आत्ता वाचताना खुर्चीत बसली असशील तर एक कर. उभी राहा, उजव्या हाताचा तळवा मांडीवर समोरून ठेव आणि एकदम हळू, पाच आकडे मोजत, खुर्चीत बस. (दुखेल थोडं, माहितीये.) बसताना हाताखाली मांडी दगडासारखी घट्ट लागेल. म्हणजे स्नायू जोरात आवळतोय, पण गुडघा तर वाकत चाललाय, म्हणजे तोच स्नायू त्याच वेळी लांबही होतोय. आवळायचं पण आहे आणि ताणलंही जायचं आहे, दोन्ही एकाच वेळी. जिममध्ये याला निगेटिव्ह म्हणतात, आमच्या भाषेत एक्सेंट्रिक. चढताना मांडीचा स्नायू आखूड होत होत तुला वर उचलतो, उतरताना मात्र तो ब्रेकसारखा वापरला जातो, प्रत्येक पायरीला तुझं सगळं वजन झेलत झेलत लांब होतो. पायथ्याच्या बारी गावापासून १६४६ मीटरच्या माथ्यापर्यंत जेवढी चढलीस तेवढीच परत उतरलीस, त्या लोखंडी शिड्या, मधले दगड, घसरडी माती, म्हणजे काही हजार वेळा तुझ्या मांड्यांनी तो ब्रेक दाबला. आणि एरवी वर्षभर तू लिफ्ट आणि खुर्ची वापरतेस, त्यामुळे त्या स्नायूंना या कामाची सवयच नव्हती.

आता कॅल्शियम यात कुठून आलं ते सांगते, आणि हा भाग जरा सावकाश सांगणार आहे कारण मला तो मनापासून सुंदर वाटतो.

तू पाऊल टाकायचं ठरवतेस, मेंदूतून मज्जातंतूमार्गे विजेचा संदेश स्नायूच्या पेशीपर्यंत येतो. पण नुसत्या विजेने स्नायू आवळला जात नाही. पेशीच्या आत पिशव्यांचं एक जाळं आहे, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम असं लांबलचक नाव आहे त्याला, आपण कोठार म्हणूया. या कोठारात कॅल्शियम भरून ठेवलेलं असतं. विजेचा संदेश आला की कोठाराची दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर धावतं, ट्रोपोनिन नावाच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं, त्याने वाटेतला अडसर बाजूला सरकला की ॲक्टिन आणि मायोसिनचे धागे एकमेकांना धरतात आणि ओढतात. झालं, पाऊल पडलं. मग लगेच पंप सुरू होतात आणि सगळं कॅल्शियम उचलून परत कोठारात भरतात, आणि स्नायू सैल होतो. हे भरायलाही ऊर्जा लागते, म्हणजे स्नायू सैल सोडणं हेसुद्धा शरीराला फुकटात मिळत नाही. एक पाऊल, एक उघड-मीट. दिवसभर, जन्मभर.

हे काम कॅल्शियमचं आहे हे कळलं तेसुद्धा लंडनच्या नळाच्या पाण्यामुळे. सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते, आणि ते हृदय छान धडधडत राहायचं. नंतर लक्षात आलं की द्रावण शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात केलेलंच नव्हतं, नळाचं पाणी वापरलं गेलं होतं, आणि डिस्टिल्ड पाण्यात केलं तर हृदय थोड्या वेळात थांबतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. १८८३ साली त्यांनी हे छापलं. हॉस्पिटलमध्ये सलाइनच्या बाटलीवर रिंगर लॅक्टेट असं लिहिलेलं असतं ना, ते रिंगर हेच.

तर कॅल्शियम हा स्नायूचा इशारा आहे. आणि इशारा तेव्हाच कळतो जेव्हा एरवी शांतता असते. म्हणून आराम करणाऱ्या पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम जवळपास नसतंच, बाहेर रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात जेवढं असतं त्याच्या साधारण दहा हजारावा हिस्सा. हे प्रमाण परत एकदा वाच. पडद्याच्या एका बाजूला दहा हजार, दुसऱ्या बाजूला एक. धरणाच्या भिंतीसारखं आहे हे, भिंतीला केसाएवढी फट पडली तरी पाणी कुठल्या बाजूला धावेल हे सांगायला नको.

आणि उतरताना नेमकी ती फट पडते.

स्नायूचा धागा म्हणजे छोट्या छोट्या खणांची माळ असते, एक खण दोन-अडीच मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरात चारशेच्या आसपास. त्या खणाला सार्कोमिअर म्हणतात. सगळे खण सारखे मजबूत नसतात. स्नायू आवळलेला असताना जोरात ताणला गेला की त्यातले कमकुवत खण आधी लांबतात, लांबले की आणखी कमकुवत होतात, मग ते झटकन एवढे ताणले जातात की आतले धागे एकमेकांपासून सुटतात. बाकीचे खण ठीक असतात पण या सुटलेल्या खणांच्या आजूबाजूचा पडदा ओढला जातो, कुठे त्याला बारीक चिरा पडतात, कुठे ताण पडल्यावर उघडणाऱ्या वाटा त्यात असतात त्या उघडतात. आणि बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. कोणी इशारा दिलेला नसताना, मोजमाप न करता, आणि पंपांना आवरणार नाही इतकं.

स्वीडनमध्ये १९८१ साली काही लोकांना मुद्दाम जिने परत परत उतरायला लावले आणि नंतर त्यांच्या पोटरीतून स्नायूचा बारीकसा तुकडा काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला. दोन खणांच्या मधली जी सरळ रेषा असते, झेड-रेषा, ती जागोजागी वाकडीतिकडी झालेली, फिसकटलेली दिसली. तू स्टेशनच्या पुलावर कठडा धरून उभी होतीस तेव्हा तुझ्या मांडीतही बहुधा असंच चित्र होतं.

आत शिरलेलं हे जादा कॅल्शियम नुसतं बसून राहत नाही. ते कॅल्पेन नावाच्या एका एन्झाइमला जागं करतं. हे नावच बघ, कॅल्शियममधलं 'कॅल' आणि पपेनमधलं 'पेन'. पपेन म्हणजे कच्च्या पपईतला तो पदार्थ, मटण लवकर शिजावं म्हणून आपण पपईचा कीस चोळून ठेवतो ना, तोच. कॅल्पेन त्याच जातीचं, प्रथिनं तोडणारं. फरक एवढा की पपई सरसकट सगळं मऊ करून टाकते आणि कॅल्पेन शिंप्याच्या कात्रीसारखं ठराविक जागी कापतं, खणांना एकत्र बांधणारं डेस्मिन, खणाला स्प्रिंगसारखं धरून ठेवणारं टायटिन, असे जोड. मटण कापल्यावर थंडाव्यात काही दिवस ठेवलं की आपोआप नरम पडतं त्यामागेही मुख्यतः हेच कॅल्पेन असतं. जिवंत माणसाच्या मांडीत तेवढं काही होत नाही, पण जिथे जिथे फट पडली तिथे तिथे ही कात्री चालते. शिवाय जादा कॅल्शियम पेशीच्या पडद्यातली चरबी तोडणारी एन्झाइम्स जागी करतं, आणि मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, साठून ऊर्जा बनवण्याच्या कामात अडथळा आणतं, मग पंपांना ऊर्जा कमी पडते आणि कॅल्शियम आणखी रेंगाळतं.

प्रयोगशाळेत उंदरांच्या स्नायूंवर हे तपासलंय. ताण देताना आजूबाजूच्या द्रवातून कॅल्शियम काढून टाकलं किंवा त्या ताणाने उघडणाऱ्या वाटा औषधाने बंद केल्या तर नंतरचं नुकसान कमी होतं. तू बहुतेक याच्याच आधारावर लिहिलेलं काहीतरी वाचलंस. ते बरोबर आहे. पण त्या प्रयोगात स्नायू बाहेर काढून द्रवात ठेवलेला असतो गं, उंदराने किती दूध प्यायलं यावर तिथे काही ठरलेलं नसतं.

आता दुखणं मंगळवारी का, रविवारी का नाही? कारण तू जे अनुभवतेयस ते फाटण्याचं दुखणं नाहीये, सफाईचं आहे. कात्री चालली, तुकडे पडले, त्यांचे रासायनिक निरोप बाहेर गेले, मग पांढऱ्या पेशी तिथे यायला लागतात, थोडी सूज येते, आजूबाजूचे मज्जातंतू हळवे होतात, इतके की नुसतं अंगठ्याने दाबलं किंवा पायरी उतरली तरी ठणका लागतो. या सगळ्याला एक-दोन दिवस लागतात. म्हणून २४ तासांनंतर वाढत जातं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि आठवड्याभरात निवळतं. उशिरा येणारं म्हणून त्याला डॉम्स म्हणतात.

पण ताकद मात्र त्याच क्षणी कमी होते. ट्रेकच्या शेवटच्या तासात मांड्या थरथरल्या म्हणालीस ना, त्यात दमणूक तर होतीच, पण आणखी एक गोष्ट होती. इतक्या ताणानंतर विजेचा संदेश आणि कोठाराची दारं यांचा मेळ बिघडतो, संदेश पोचतो पण कोठारातून पुरेसं कॅल्शियम सुटतच नाही. म्हणजे जिथे हवं तिथे कमी आणि जिथे नको तिथे जास्त. आईचं 'कमी झालंय' आणि तुझं 'जास्त झालंय', दोन्ही एकाच पेशीत एकाच वेळी खरं असू शकतं, आणि दोन्हीवर बाटलीतल्या गोळीचा इलाज चालत नाही.

तुझ्या ट्रेनरला माझा राग येऊ नये, पण लॅक्टिक ॲसिडचा यात काही संबंध नाही. ते व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातून निवळतं, मंगळवारपर्यंत थांबत नाही. १९८३ साली एक साधा प्रयोग झाला, माणसांना ट्रेडमिलवर सपाट पळवलं आणि उतारावरही पळवलं. सपाट पळताना लॅक्टेट, म्हणजे तेच लॅक्टिक ॲसिड, वाढलं पण नंतर दुखलं नाही, उतारावर पळताना ते वाढलं नाही आणि नंतर दुखलं ते त्याचंच. तुझ्याच ट्रेकमध्ये बघ ना, धाप लागली चढताना, दुखतंय मात्र उतरतानाचं. स्ट्रेचिंगने बरं वाटत असेल तर हलकं कर, पण जोर लावून खेचू नकोस, आधीच ताणाने दुखावलेल्या धाग्यांना परत ताण कशाला.

एवढं सगळं वाचून कॅल्शियमबद्दल मनात अढी बसू देऊ नकोस हं. पडद्याला चीर पडली की ती बुजवायचं कामही कॅल्शियमच सुरू करतं. आत येणारं कॅल्शियम हाच पेशीला इशारा असतो की भिंत फुटलीये, मग पेशीच्या आतल्या बारीक पिशव्या त्या जागी धावतात आणि पडद्याला ठिगळ लावतात, काही सेकंदांत. यात डिस्फर्लिन नावाचं एक प्रथिन लागतं, ते ज्यांच्यात जन्मापासून नसतं त्यांचे पाय तरुणपणी हळूहळू अशक्त होत जातात. कॅल्पेनचंही तसंच. १९९५ साली सापडलं की कॅल्पेनच्याच एका जातीचं जनुक बिघडलेलं असेल तर कंबर-खांद्याचे स्नायू झिजण्याचा आजार होतो. म्हणजे कात्री नसेल तरी स्नायू टिकत नाही, कारण जुनं काढल्याशिवाय नवं बांधता येत नाही. आणि उलट टोकाला ड्यूशेन नावाचा स्नायू झिजण्याचा जन्मजात आजार असलेली मुलं, त्यांच्यात पडद्याला आतून आधार देणारं डिस्ट्रोफिनच नसतं, त्यामुळे साध्या चालण्या-उतरण्यानेही पडदा फाटत राहतो, कॅल्शियम आत येत राहतं, दुरुस्ती कधी पुरी पडत नाही. अशा मुलांच्या आईबाबांना मी जिना उतरण्याचे व्यायाम कटाक्षाने टाळायला सांगते. आणि तुझ्यासारख्यांना मी जिने उतरायचीच सवय करायला सांगते, कारण तुझा पडदा पूर्ण चांगला आहे आणि तो शिकतो. त्याबद्दल शेवटी सांगते.

आता गोळ्यांचं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर सांभाळतं, कमी पडलं तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून भरतात, जास्त झालं तर लघवीवाटे जातं. म्हणून तू एक ग्लास दूध जास्त प्यायलीस की कमी, पडद्याबाहेरचं प्रमाण फारसं हलत नाही, आणि आतलं तर त्याहून नाही. दुधाने दुखणं वाढत नाही ते यामुळे, आणि गोळीने ते जात नाही तेही यामुळेच. रक्तातलं कॅल्शियम खरंच कमी झालं तर तोंडाभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातपाय आखडून वाकडे होतात. तुझ्या पत्रात तसं काही नाही. रात्री पोटरीत गोळे येतात ती पुन्हा तिसरी गोष्ट, ती याच्यात मिसळू नकोस.

मग आईचं म्हणणं टाकून द्यायचं का? नाही. भारतात प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं आयसीएमआरने २०२० मध्ये ठरवलंय, आणि माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या खाण्यात तेवढं क्वचितच असतं. पण ते हाडांसाठी, पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी, आणि शक्यतो ताटातून. एक कप दुधात दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम येतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दोन मोठ्या भाकऱ्या धर. सालासकटचे तीळ फार चांगले, पांढरेशुभ्र सोललेले नाहीत, सालाबरोबर कॅल्शियम जातं. शेवग्याचा पाला, राजगिरा, ताक, आणि मासे खात असाल तर काट्यासकट चावून खाता येतात ते छोटे. गोळ्या कुणाला लागतात ते डॉक्टरने बघून ठरवावं, उगाच रोज दोन-दोन घेतल्या तर पोट साफ होत नाही आणि किडनी स्टोनचा धोकाही थोडा वाढतो. आईला सांग, दूध चालू ठेवते, गोळ्या ठेवून देते. आणि आईचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर उलट तिनेच तिच्या हाडांची तपासणी करून घ्यायला हवी, तिला गोळीची गरज तुझ्यापेक्षा जास्त असू शकते, तेवढं या निमित्ताने विचार तिला.

एक तपासणी मात्र सुचवेन, व्हिटॅमिन डी. ट्रेकशी संबंध नसताना महिनोन् महिने जमिनीवरून उठताना किंवा जिना चढताना मांड्यांत जोर नाही असं वाटत असेल तर डी कमी असू शकतं, दिवसभर एसीत बसणाऱ्यांमध्ये हे खूप सापडतं.

या आठवड्यात काय करशील? हालचाल बंद करू नकोस, सपाट रस्त्यावर आरामात चाल, वीस मिनिटं, दोनदा. गरम पाण्याने शेकलंस तर बरं वाटेल. हलक्या हाताने तेल लाव, पण घरच्या कोणाला मांड्या तुडवायला देऊ नकोस, दुखावलेल्या स्नायूवर जोराचा मसाज म्हणजे आणखी मार. नीट जेव, डाळ-उसळ-अंडं काहीतरी प्रत्येक जेवणात असू दे, झोप पूर्ण घे. पेनकिलर शक्यतो नको, आणि पाणी कमी प्यायलेलं असताना तर नकोच, किडनीला त्रास होतो.

आणि हे नीट वाच, हे मी प्रत्येकाला सांगते कारण मी ते जवळून पाहिलंय. एक विशीतला मुलगा, जिमचा पहिला दिवस, मित्रांच्या पैजेत दोनशेच्या वर उठाबशा. तिसऱ्या दिवशी मांड्या फुगून टणक झालेल्या, गुडघा वाकेना, आणि लघवी कोकाकोलाच्या रंगाची. घरचे म्हणत होते व्यायामाने दुखतंच, होईल बरं. त्याला तडक ॲडमिट करावं लागलं. इतक्या पेशी फुटल्या होत्या की आतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरून किडनीवर आलं होतं. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात याला, मूळ तेच, पडदा फुटणं आणि कॅल्शियम आत घुसणं, फक्त हाताबाहेर गेलेलं. तो वाचला, पण आठवडाभर सलाइनवर होता. तेव्हा लघवी गडद तपकिरी झाली, खूप कमी झाली, मांडी फुगून कडक झाली, उलट्या-चक्कर यायला लागली किंवा चार-पाच दिवसांनीही दुखणं कमी व्हायच्याऐवजी वाढत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, सकाळची वाट बघायची नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या घेणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष ठेवायचं.

आता शिकण्याचं. एकदा असं दुखून गेलेला स्नायू पुढच्या वेळी तेच काम करताना कितीतरी कमी दुखावतो. कमकुवत खण काढले जातात, नवे खण ओळीत भरले जातात, पडद्याभोवतीचं जाळं घट्ट होतं, मज्जातंतूही वजन जास्त धाग्यांमध्ये वाटून द्यायला शिकतात, त्यामुळे फटी कमी पडतात आणि कॅल्शियम बाहेरचं बाहेर राहतं. हा परिणाम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. आणि चांगली गोष्ट ही की त्यासाठी दरवेळी मंगळवारसारखं लंगडायला लागत नाही, थोडासा डोससुद्धा पुरतो.

म्हणून दुखणं पूर्ण गेलं की सुरू कर. पहिल्या आठवड्यात फक्त दोन दिवस, बिल्डिंगचे तीन मजले चालत उतर, वर जाताना लिफ्ट घेतलीस तरी चालेल, मला तुझं उतरणं हवंय. आणि खुर्चीत पाच आकडे मोजत बसायचं, आठ वेळा. दुसऱ्या दिवशी थोडं जाणवेल, तेवढं चालेल. दर आठवड्याला एक-दोन मजले वाढव. दोन दिवसांच्या मध्ये दोन दिवस सुट्टी असू दे, कारण बांधकाम त्या सुट्टीत होतं. महिन्याभराने येऊरला किंवा एखाद्या सोप्या टेकडीवर जाऊन ये आणि उतरताना मुद्दाम सावकाश ये, छोटी छोटी पावलं टाक, उडी मारून दगड उतरू नकोस, हातात दोन काठ्या घे. काठ्यांना म्हाताऱ्यांचं काम म्हणतात लोक, लक्ष देऊ नकोस, मांडीवरचा भार त्या खरंच कमी करतात.

आणि हरिश्चंद्रगडला नाव दे. फक्त ग्रुपला आधी विचारून घे की वाट कुठली धरणार आहेत. नळीची वाट म्हणत असतील तर या वर्षी नको म्हण, ती फार खडी आणि अवघड आहे. पाचनई गावाकडच्या सोप्या वाटेने जा आणि पाचनईवरूनच उतर, आणि बुधवारी मला कळव जिना कसा उतरलीस ते.